रानमूग की रानउडीद? पान राहू दे, शेंग दाखवा

(हे एपिसोडचं लेखी रूप आहे. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'हां तर' बरेचसे काढलेत. सगळे नाही.)

आज घाटावरच्या एका वेलीबद्दल बोलायचंय. खरं तर दोन वेलींबद्दल, आणि सगळी भानगड त्या 'दोन' शब्दातच आहे.

पावसाळा उतरणीला लागला की ट्रेकच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. हिरवंगार गवत, त्यात तीन-तीन पानांची एक नाजूक वेल, आणि टोकाला पिवळं, जरा वाकडं फूल. खाली प्रश्न: हे काय आहे? कुणीतरी तो फोटो अ‍ॅपला दाखवतो, अ‍ॅप म्हणतं 'व्हिग्ना'. दुसरा लिहितो 'रानमूग'. तिसरा लिहितो, 'नाही, हा रानउडीद.' तिघांनाही अंगठे मिळतात आणि ग्रुप पुढच्या किल्ल्याकडे वळतो.

त्या तिघांपैकी बरोबर कोण, हे कसं ठरवायचं ते आज बघू. आणि ते ठरवून कुणाचं काय भलं होणार, तेही बघू. कारण या दोन वेलींची अदलाबदल झाली तर त्याचा हिशेब शेवटी मुगाच्या आणि उडदाच्या शेतात चुकता करावा लागतो.

आधी नाती

आपल्या डब्यातला हिरवा मूग म्हणजे व्हिग्ना रेडिएटा. काळा उडीद म्हणजे व्हिग्ना मुंगो. दोघं एकाच कुळातले, एकाच व्हिग्ना गोतातले, पण जाती वेगळ्या. दोघांचेही जंगली नातेवाईक आजही जिवंत आहेत आणि सह्याद्रीत ते दोघंही सापडतात. मुगाच्या जंगली रूपाला शास्त्रीय भाषेत म्हणतात व्हिग्ना रेडिएटा, प्रकार सबलोबाटा. उडदाच्या जंगली रूपाला व्हिग्ना मुंगो, प्रकार सिल्व्हेस्ट्रिस. या एपिसोडपुरतं आपण त्यांना रानमूग आणि रानउडीद म्हणू. 'या एपिसोडपुरतं' म्हणतोय, कारण गावागणिक ही नावं बदलतात, आणि दोन्ही वेलींना सरसकट 'रानमूग' म्हणणारीही पुष्कळ माणसं भेटतात.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. घाटावरचा रानमूग आणि घाटावरचा रानउडीद हे शेजारी-शेजारी ठेवले तर जुळी भावंडं वाटतात. दोन्ही बारीक, गवतावर चढणाऱ्या वेली, दोन्हींना पिवळी फुलं, दोन्हींच्या शेंगा सुकल्या की काळपट. शेतातला मूग मात्र रानमुगाशेजारी ठेवला तर कुणाला पटणारही नाही की हे एकाच जातीचे आहेत. शेतातला ताठ, बुटका, भरल्या शेंगांचा. रानातला लांब, किडकिडीत, बी एवढंसं. शंभर रानमुगांचं वजन जेमतेम एक-दीड ग्रॅम भरतं, बाजारातले शंभर मूग तीन ते सहा ग्रॅम भरतात.

पण नातं दिसण्यावर ठरत नाही. रानमूग आणि शेतातला मूग यांचा संकर सहज होतो, त्याला बी धरतं, ते बी पुढे उगवतं. एकच जात. रानमूग आणि रानउडीद यांच्यात मात्र जातीची भिंत आहे. मुगाला मादी धरून उडदाचा परागकण दिला तर कधी कधी बी धरतं, उलट बाजूने बहुतेक वेळा काहीच होत नाही. आणि जो संकर उभा राहतो तोही बराचसा वांझ निघतो. गुणसूत्रं दोघांचीही 22 आहेत, तरीही.

म्हणजे चेहरा शेजाऱ्याशी जुळतो आणि रक्त डब्यातल्या मुगाशी. एवढं डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

पानाने केलेला घोळ

तुम्ही गोंधळलात तर लाजायचं कारण नाही. वनस्पतिशास्त्राने या दोघांना दीडशेच्या आसपास वर्षं एकाच नावाखाली ठेवलं होतं.

विल्यम रॉक्सबर्ग हे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. त्यांचं 'फ्लोरा इंडिका' त्यांच्या मृत्यूनंतर, 1832 मध्ये पूर्ण छापून आलं. त्यात या जंगली वेलीला नाव दिलंय फॅसिओलस सबलोबाटस. फॅसिओलस हे तेव्हाचं घेवडा-मूग-उडीद सगळ्यांचं सामायिक आडनाव समजा. आणि सबलोबाटस म्हणजे 'किंचित खाचा असलेला'. कशाला खाचा? पानाला. म्हणजे नावच पानावरून पडलं. आणि पान हीच या वेलींची सगळ्यात बेभरवशाची खूण आहे! एकाच वेलीवर खालची पानं खाचांची आणि वरची सरळ कडेची असू शकतात. सावलीत वेगळी, उन्हात वेगळी. रानमुगाच्या पानांना खाचा पुष्कळदा दिसतात हे खरं, पण दिसल्या नाहीत म्हणून तो रानमूग नाही असं म्हणता येत नाही.

मग पुढची कित्येक दशकं जो कुणी असा जंगली वेल आणेल तो त्यावर 'सबलोबाटस'ची चिठ्ठी चिकटवायचा. त्यात रानमूगही आले आणि रानउडीदही आले.

नावांचा आणखी एक घोळ सांगायलाच हवा. व्हिग्ना मुंगो. 'मुंगो' हा शब्द कुठून आला असेल? आपल्या मुगावरूनच. पण हे नाव आहे उडदाचं! लिनियसने 1753 मध्ये फॅसिओलस रेडिएटस आणि 1767 मध्ये फॅसिओलस मुंगो अशी दोन नावं दिली, आणि त्यातलं कुठलं मुगाचं, कुठलं उडदाचं यावर पुढे पुस्तकापुस्तकांत मतभेद झाले. जुन्या इंग्रजी ग्रंथांत 'मुंगो' वाचलंत तर तो मूगही असू शकतो आणि उडीदही. विसाव्या शतकाच्या मध्यावर, 1954 आणि 1956 मध्ये, दोघांना व्हिग्ना गोतात हलवलं गेलं आणि रेडिएटा म्हणजे मूग, मुंगो म्हणजे उडीद हे पक्कं झालं. आपल्या आजीला हे कुणी सांगितलं तर ती हसेल. डोळे मिटून नुसतं चाचपून ती मूग आणि उडीद वेगळे करून देईल.

आणि खरंच, आता तेच करायचंय.

स्वयंपाकघरात जा

फोन हातात आहेच. दुसऱ्या हातात चार दाणे अख्ख्या मुगाचे आणि चार दाणे सालासकट अख्ख्या उडदाचे घ्या. डाळ नको, फोड नको, अख्खे दाणे. रंग विसरा. रानातल्या दोन्ही बिया काळपट-तपकिरी, ठिपक्याठिपक्यांच्या असतात, तिथे हिरवा-काळा हा फरक उपयोगाचा नाही.

प्रत्येक दाण्यावर एका बाजूला पांढरी लांबट खूण दिसेल. बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं ती ही जागा. पुस्तकात तिला नाभी म्हणतात, आपण डोळा म्हणू. आता फोनचा कॅमेरा मॅक्रोवर घ्या, किंवा नुसता झूम करा.

मुगाचा डोळा सपाट आहे. सालाच्या पातळीतच एक पांढरी रेघ. नखाने हळूच घासलं तर नख अडत नाही.

उडदाचा डोळा उठावाचा आहे. पांढऱ्या रेघेच्या दोन्ही कडा वर आलेल्या, मध्ये बारीकशी पन्हळ. नख त्यावर अडतं. जणू दाण्याला छोटे ओठ आहेत.

आकारही बघा. मूग गोलसर, उडीद जरा चौकोनी, दोन्ही टोकं कापल्यासारखी. पण आकार शेंगेत दाटीवाटीने बसल्यामुळे बदलतो, डोळा बदलत नाही. म्हणून मी डोळ्यालाच जास्त मान देतो. आणि रानउडदात तर हा उठाव शेतातल्या उडदापेक्षाही ठसठशीत असतो. बी तीळभर मोठं असलं तरी साध्या दहापट भिंगातून तो लगेच कळतो.

हाच डोळा उत्खननात काम करणाऱ्यांनाही मदत करतो, जर तो जळताना शाबूत राहिला तर. कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांमध्ये साधारण चार हजार वर्षांपूर्वीचे जळून कोळसा झालेले मूग सापडलेत. गुजरातमधल्या जुन्या वस्त्यांमध्ये उडीद सापडलाय. रंग गेलेला, साल बहुतेक वेळा गेलेली. अशा दाण्याचा डोळा गेला असेल तर अभ्यासक दाण्याची दोन दलं उघडून आतला इवलासा अंकुर किती लांब आहे ते मोजतात. मुगात तो दलाच्या लांबीच्या मानाने लांब, उडदात आखूड. हे मला फार आवडतं. चार हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी चुलीत करपलेला दाणा आणि तुमच्या तळहातावरचा दाणा, दोघांना विचारायचे प्रश्न तेच.

उडदाची आणखी एक ओळख प्रत्येक घरात माहीत असते: बुळबुळीतपणा. भिजवून वाटलेल्या उडदाला चिकटा येतो, त्यामुळे मेदूवडा फुलतो आणि घुटं दाटसर होतं. मुगाला तसा येत नाही. पण रानातल्या चार बियांचं घुटं करून बघता येणार नाही, तेव्हा पुढे जाऊ.

घाटावर: शेंग बघायची कशी

ऑगस्टमध्ये फुलं दिसू लागतात. तेव्हा जाऊन ठाम नाव सांगायचा मोह होतो. आवरा. उडदाचं फूल जास्त झगझगीत पिवळं आणि मुगाचं जरा फिकट, हिरवट छटेचं, असा फरक सांगितला जातो आणि तो चुकीचा नाही. पण ढगाळ हवेत फोनने काढलेल्या फोटोत त्या छटेवर मी तरी पैज लावणार नाही. फुलावरून एवढंच कळतं की ही मूग-उडदाच्या गोतातली वेल आहे: मधली पाकळी शंखासारखी एका बाजूला मुरडलेली असते.

खरी वेळ सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर. शेंगा भरलेल्या असतात आणि अजून फुटलेल्या नसतात. आता तीन गोष्टी बघा, याच क्रमाने.

पहिली, शेंगेची दिशा. शेंगांचा झुबका ज्या दांड्यावर येतो तो दांडा धरा. मुगाच्या शेंगा दांड्यापासून आडव्या पसरतात किंवा खाली लोंबतात. उडदाच्या शेंगा वर, आकाशाकडे उभ्या राहतात. इथे एक फसगत होते बरं का. वेल गवतावर आडवीतिडवी लोळलेली असते, कधी दांडाच उलटा लटकतो. म्हणून दिशा जमिनीच्या हिशेबाने बघू नका, दांड्याच्या हिशेबाने बघा. शेंगा दांड्याच्या टोकाकडे तोंड करून त्याच्या बाजूने उभ्या आहेत, की दांड्याला काटकोन करून बाहेर पडल्यात? दुसरं म्हणजे कोवळ्या शेंगेवर निकाल देऊ नका. कोवळी शेंग कुठेही तोंड करून असते. पूर्ण भरलेल्या चार-पाच शेंगा बघा.

दुसरी, शेंगेवरची लव. हिला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. मुगाच्या शेंगेवर केस आखूड, तपकिरी, बहुतेक अंगाला चिकटून बसलेले. उडदाच्या शेंगेवर केस लांब, दाट, बाहेर उभे. शेंग उन्हासमोर धरली की तिच्या भोवती एक झालर दिसते. फोटो काढताना हाच उपाय करा: शेंग तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये धरा, मागे गडद डोंगर किंवा तुमची काळी सॅक येऊ द्या. केसांची लांबी फोटोत स्वच्छ उतरते.

मात्र केस शेंगेवरचेच मोजायचे. खोडावरचे नाहीत. कारण रानमुगाचा आणखी एक प्रकार आहे, सेटुलोसा नावाचा. मुंबई इलाख्यात वनअधिकारी असलेल्या निकोल डालझेल यांनी एकोणिसाव्या शतकात त्याला पहिल्यांदा नाव दिलं. त्याच्या खोडावर तपकिरी, राठ, लांब केसांचं जंगल असतं. ते बघून 'केसाळ आहे, म्हणजे रानउडीद' असं म्हणाल तर फसाल. त्या प्रकाराची दुसरी खूण म्हणजे पानाच्या देठाच्या बुडाशी असलेलं उपपर्ण, म्हणजे ते चिमुकलं जोडपान: सेटुलोसात ते मोठं आणि गोलसर असतं.

तिसरी, लांबी आणि दाण्यांची संख्या. मुगाची शेंग लांब आणि बारीक, आत दाणे जास्त, दहाच्या आसपास किंवा त्याहून वर. उडदाची आखूड, आत दाणे कमी, पाच ते आठ. ही खूण आधाराला घ्यायची, एकटीवर निकाल द्यायचा नाही. कोरड्या वर्षी शेंगा आखूड राहतात.

या तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर वाळलेली एक शेंग उघडा आणि बियाचा डोळा बघा. डोळा आणि लव जुळले की झालं. पान? पानाचा फोटो जरूर काढा, पण त्यावरून भांडू नका.

आता घाटावर याच गोतातले आणखी काही भेटतात, ते झटपट बाजूला काढू. फूल जांभळट-गुलाबी असेल तर तो हलुंडा, त्याची मुळं खाल्ली जातात. आपला विषय नाही. पानं खोलवर चिरलेली, तीन बोटांसारखी असतील आणि वेल जमिनीवर पसरलेली असेल तर मटकीच्या बाजूचं काहीतरी आहे. वेल नसून कंबरभर ताठ उभं झाड असेल आणि प्रत्येक पेराशी पानाएवढी मोठी उपपर्णं असतील तर ती व्हिग्ना खंडालेन्सिस, नावातच खंडाळा आहे. हे नाव फादर सांतापाव यांच्या कामातून आलं. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात शिकवणारे हे स्पॅनिश धर्मगुरू वर्षानुवर्षं खंडाळ्याचे डोंगर पालथे घालत होते, 1953 मध्ये त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला, आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. आणि ते पिवळं 'मिकी माऊस' फूल, रीलवर सारखं दिसणारं, तेही शेंगवर्गीयच. पण त्याची पानं लाजाळूसारखी बारीक पत्र्यांची असतात, त्यात गोंधळ व्हायला नको.

एक धोक्याची सूचना. दाट तपकिरी, मखमली केसांच्या जाड शेंगा दिसल्या तर हात लावू नका. ती खाजकुयली. तिला ओळखायला भिंग लागत नाही, रात्रभराची आंघोळ लागते.

एवढा खटाटोप कशासाठी?

मुगा-उडदाच्या पिकावर एक रोग येतो, पिवळा मोझॅक. शेतकऱ्यांच्या तोंडी केवडा, हळद्या, किंवा सरळ 'येलो मोझॅक'. आधी पानावर पिवळे ठिपके, मग अख्खं पान पिवळं, शेंगा कमी आणि दाणे वांझोटे. विषाणूचा रोग आहे, पांढरी माशी पसरवते, आणि एकदा झाडाला लागला की त्यावर औषध नाही. फवारायचं ते माशीवर. त्यामुळे सगळ्यांची नजर अशा वाणावर असते ज्याला हा रोग मुळात लागतच नाही.

असा गुण कुठे शोधायचा? जंगलात. शेकडो पिढ्या कुणी फवारणी न करता जी वेल टिकून राहिली तिच्याकडे काहीतरी असणार. 1977 मध्ये भारतीय संशोधकांचा एक निबंध आला, त्याचं शीर्षकच असं होतं की फॅसिओलस सबलोबाटस हा मुगासाठी पिवळ्या मोझॅकच्या प्रतिकाराचा स्रोत आहे. आनंदाची बातमी. पण आता तुम्हाला लगेच शंका यायला हवी: सबलोबाटस म्हणजे कोण? रानमूग की रानउडीद? कारण त्या काळात ती चिठ्ठी दोघांवरही चिकटत होती. रानमूग असेल तर गुण मुगात आणणं सोपं, संकर करा आणि निवडत जा. रानउडीद असेल तर वांझ संकरांशी वर्षानुवर्षं झुंजायचं. चिठ्ठीवरचं एक नाव आणि त्यामागे एका माणसाची पाच-सात वर्षांची मेहनत, असा हा मामला आहे.

आणि रानउडदाकडेही माल आहेच. त्याच्या काही नमुन्यांना पिवळा मोझॅक लागतच नाही, असं 1990च्या दशकात नोंदवलं गेलं. उडदाच्या पैदासकारासाठी ती वेल सोन्याची. पण तिच्यावर 'रानमूग' लिहिलेलं असेल तर तो ती मागवणारच नाही.

दुसरा किस्सा साठवणीचा. मूग डब्यात ठेवले, महिन्याभराने उघडले तर प्रत्येक दाण्याला गोल भोक आणि झाकणाला चिकटलेले भुंगे. मादी दाण्यावर अंडी घालते, अळी आत शिरून दाणा पोखरते आणि भुंगा होऊन भोक पाडून बाहेर पडते. मूग, उडीद सगळ्यांना हा जाच. यावर मुगातला भरवशाचा प्रतिकार पहिल्यांदा मिळाला तो एका रानमुगात, आणि तो रानमूग सह्याद्रीतला नव्हता, मादागास्करचा होता. हो, रानमूग आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलाय. रानउडदाचा पसारा त्या मानाने बराच आखडता, मुख्यतः भारतातला, आणि पश्चिम घाट हे त्याचं माहेरघर. त्या मादागास्करच्या नमुन्याचा नंबर टीसी 1966. त्याचे दाणे भुंग्यापुढे ठेवले तर अळ्या जगत नाहीत. 1980च्या दशकात जपानी संशोधकांनी हे दाखवलं, आणि हा गुण मुख्यतः एकाच प्रभावी जनुकावर चालतो हेही दाखवलं. तो खरा रानमूग असल्यामुळे शेतातल्या मुगाशी त्याचा संकर झाला आणि गुण उतरला. त्याबरोबर बारीक दाणा आणि तडकणारी शेंग हे जंगली दुर्गुणही आले, ते पिढ्यान्‌पिढ्या चाळून काढावे लागले.

मग घोळ सुटला कसा?

एका झटक्यात नाही. 1973 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये अरोरा, चंदेल आणि जोशी या भारतीय संशोधकांनी 'सबलोबाटस' म्हणवणाऱ्या वेलींमध्ये किती वेगवेगळी रूपं आहेत हे मांडलं. दोन वर्षांनी, 1975 मध्ये, बेल्जियममधल्या मंडळींनी बियाणं दळून रसायनशास्त्राला विचारलं. मूग आणि उडीद दोघांच्याही बियांत गंधक असलेले छोटे संयुगांचे तुकडे असतात, पण मुगात एक आणि उडदात दुसराच. हा निकाल पानाच्या खाचांवर किंवा त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून नव्हता. बीच सांगत होतं मी कोण. मग त्याच मंडळींनी 1980 मध्ये रानउडदाला रीतसर वेगळं नाव दिलं, सिल्व्हेस्ट्रिस, म्हणजे रानातला. आणि 1984 मध्ये चंदेल यांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर बाह्य लक्षणं आणि बियांतली प्रथिनं दोन्ही तपासून मांडलं की सबलोबाटा हा मुगाचा पूर्वज आणि सिल्व्हेस्ट्रिस हा उडदाचा.

1832 ते 1980. मोजा.

आज डीएनए तपासून हे दुपारभरात कळू शकतं, मुगाचा संपूर्ण जनुकसंच 2014 मध्ये प्रसिद्धही झाला. पण डीएनए तपासायला आधी कुणीतरी वेल गोळा करावी लागते, आणि ती गोळा करणारा डोंगरावर उभा असतो, त्याच्याकडे असतात दोन डोळे आणि एक भिंग. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोत अशी बियाणी उणे 18 अंशांच्या आसपास साठवली जातात; त्यांचं एक केंद्र आपल्या अकोल्यातही आहे. पण बीज कितीही थंड ठेवलं तरी पाकिटावर काय लिहायचं हे डोंगरावरच ठरतं.

आणि डोंगर तसाच राहत नाहीये. या वेलींना घनदाट जंगल नको असतं, त्यांना लागतो उघडा गवताळ उतार, बांधाची कड, रस्त्याच्या बाजूचं झुडूप. रस्ता रुंद करताना, प्लॉट पाडताना पहिली जाते ती हीच जागा. तिथे 'जंगल तोडलं' अशी बातमीही होत नाही, कारण गवत गेलं याची बातमी कोण करतो? म्हणून कुठल्या उतारावर कुठली वेल आहे याची नावानिशी नोंद असणं मोलाचं. ती नोंद तुमच्या फोनमधून होऊ शकते, फोटो नीट असतील तर.

तर फोटो असे काढा

एक, अख्खी वेल आणि भोवतालची जागा. दोन, दांड्यासकट शेंगांचा झुबका, दांड्याचं टोक फोटोत आलंच पाहिजे. तीन, उन्हासमोर धरलेली एक भरलेली शेंग, केस दिसतील अशी. चार, देठाच्या बुडाशी असलेलं उपपर्ण. पाच, वाळलेली शेंग उघडून तळहातावर बिया, डोळा वर करून, शेजारी एक रुपयाचं नाणं. लोकेशन चालू ठेवा. निरीक्षणाच्या अ‍ॅपवर टाकताना नावाची खात्री नसेल तर सरळ 'व्हिग्ना' एवढंच लिहा. नंतर एखादा जाणकार त्यावर अचूक नाव लावू शकतो. आधीच चुकीचं नाव ठोकून दिलं तर ते उखडायला फार कष्ट पडतात, ते आपण वर बघितलंच.

वेल उपटू नका. ही वर्षायू वेल आहे, तिची पुढची पिढी तिच्या शेंगांतच आहे. अभयारण्यात आणि राखीव जंगलात बी गोळा करायलाही परवानगी लागते. आणि चव घेऊन बघायच्या भानगडीत पडू नका. गुंजही शेंगवर्गीयच आहे आणि तिचं बी जिवावर बेतणारं असतं.

जायला उशीर झाला, दिवाळीनंतर पोचलात, तर शेंगा फुटून गेलेल्या असतील. रानातल्या शेंगा वाळल्या की तडकतात, दोन्ही टरफलं स्प्रिंगसारखी पिळतात आणि बिया लांब फेकल्या जातात. पण ती पिळलेली काळी टरफलं वाळक्या वेलीवर बरेच दिवस लटकत राहतात. एखादं अलगद उचला, उन्हासमोर धरा. केस अजून त्यावर असतात, आणि ते आखूड आहेत की लांब हे तेव्हाही दिसतं.